साठ कॉम्प्युटरची जबाबदारी अंगावर आली, आता सुरुवात कुठून करायची?

भोसरी असो, अंबड असो, वाळूज किंवा गोकुळ शिरगाव, मधल्या आकाराच्या कंपनीत आयटीची नोकरी बहुतेक एकाच वाक्याने सुरू होते. शेठ किंवा प्लँट हेड म्हणतात, "ते कॉम्प्युटरचं सगळं आता तूच बघ." या 'सगळं'मध्ये प्रिंटरपासून सर्व्हरपर्यंत काय काय येतं हे सांगणाऱ्यालाही नीट माहीत नसतं आणि ऐकणाऱ्यालाही. आधीचा माणूस गेलेला असतो. मागे ठेवलेली असते एक पासवर्डची वही, आणि तिच्यातले निम्मे पासवर्ड चालत नसतात.

हा लेख अशा नव्या माणसासाठी आहे. वीस ते दोनशे कॉम्प्युटर, त्यात अकाउंट्स, स्टोअर, डिझाइन, मार्केटिंगवाल्यांचे लॅपटॉप आणि शॉपफ्लोअरची जुनी मशिनं, असा पसारा मी डोळ्यासमोर ठेवला आहे. आल्या आल्या अँटिव्हायरसचं कोटेशन मागवू नका. ते काम चौथ्या-पाचव्या नंबरचं आहे. त्याआधी प्रत्येक मशीनपाशी उभं राहून एक प्रश्न विचारायचा: हे कंपनीचं आहे की त्यावर बसणाऱ्याचं? बिल कंपनीच्या नावावर असतं. पण लॉगिन कोणाच्या खात्याने होतं, डिस्कची किल्ली कोणाकडे आहे, सॉफ्टवेअर टाकायचा हक्क कोणाला आहे, हे पाहिलं की अनेक मशिनं कंपनीची नसतातच. ती कंपनीच्या ताब्यात आणणं हेच पहिल्या सहा महिन्यांचं काम.

पहिली पायरी: वही घेऊन फिरा

सेंटर फॉर इंटरनेट सिक्युरिटी या संस्थेने सुरक्षेच्या उपायांची जी यादी केली आहे, तिच्यात पहिल्या क्रमांकावर यंत्रांची नोंद आहे आणि दुसऱ्यावर सॉफ्टवेअरची. फायरवॉल वगैरे नंतर येतं. जे आहे हेच माहीत नाही, त्याची राखण करणार कशी?

दोन दिवस काढा आणि टेबलाटेबलावर जा. प्रत्येक मशीनचा सिरियल नंबर, मॉडेल, वापरणाऱ्याचं नाव, विंडोजची आवृत्ती, रॅम, डिस्क, वॉरंटी कधी संपते आणि शेवटचं अपडेट कधी झालं, एवढं लिहून घ्या. विंडोजचं बटण आणि आर दाबून 'विनव्हर' (winver) टाइप केलं की आवृत्ती समोर येते. मशीनवर कंपनीचा नंबर लिहिलेलं स्टिकर चिकटवा, तोच नंबर एक्सेलमध्ये. पुढे फोन आला की "माझा कॉम्प्युटर चालत नाही" याऐवजी "सदतीस नंबर चालत नाही" ऐकू येईल. या एका बदलाने रोजचा बराच वेळ वाचतो.

फक्त ऑफिसमध्ये फिरू नका. गेटवरचा सिक्युरिटीचा पीसी, कँटीनच्या कुपनचा, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, हजेरीचं बायोमेट्रिक मशीन जोडलेला कॉम्प्युटर, वजनकाट्याची खोली, सगळं बघा. एका कंपनीत वजनकाट्याच्या खोलीत, पावतीच्या प्रिंटरखाली, धुळीने माखलेला एक पीसी मला सापडला. कोणाच्याच यादीत तो नव्हता. अँटिव्हायरस नाही, तीन वर्षांत एक अपडेट नाही, आणि घरून वजनाच्या नोंदी बघता याव्यात म्हणून कुणीतरी राउटरमधून त्याचं रिमोट डेस्कटॉप, म्हणजे दुरून मशीन चालवायची सोय, सरळ इंटरनेटला उघडून ठेवलेलं. पुढच्या दाराला तीन कुलपं आणि परसदार सताड उघडं.

चाळीसच्या पुढे मशिनं असतील तर एक्सेल मागे पडतं. जीएलपीआय नावाची मोफत, ओपन सोर्स प्रणाली आहे. तिचा एजंट प्रत्येक मशीनवर टाकला की यादी आपोआप ताजी राहते. पण पहिली फेरी पायीच करा. कोणता पीसी पंख्याखाली आहे, कोणता पत्र्याखाली तापतो, कोणाच्या मॉनिटरला पासवर्डची चिठ्ठी चिकटलेली आहे, हे एजंट सांगणार नाही.

फिरताना तीन गोष्टींवर लाल खूण करा.

पहिली, विंडोजची एडिशन. दुकानातून किंवा ऑनलाइन सेलमधून घेतलेले लॅपटॉप बहुतेक 'होम सिंगल लँग्वेज' घेऊन येतात. ही एडिशन डोमेनला, म्हणजे कंपनीच्या सगळ्या मशिनं-खात्यांच्या सामायिक व्यवस्थेला, जोडता येत नाही आणि ग्रुप पॉलिसी, म्हणजे एका जागेवरून सगळ्यांना लावायचे नियम, तेही तिला लागत नाहीत. म्हणजे ते मशीन तुमच्या ताब्यात येणारच नाही. फॉर्मॅट न मारता की विकत घेऊन 'प्रो' करता येतं. यापुढे पर्चेसला लेखी कळवा: प्रो नसेल तर ऑर्डर नाही. सेलमध्ये वाचलेले चार पैसे इथे व्याजासकट जातात.

दुसरी, विंडोज १०. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. कंपन्यांना पैसे भरून वाढीव अपडेट मिळतात, पण पहिल्या वर्षी मशीनमागे ६१ डॉलर, आणि दरवर्षी दुप्पट, तेही तीनच वर्षं. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही किल्ल्या जपणारी सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. मशीन 'चालणार नाही' असं सांगत असेल तर लगेच भंगारात काढू नका. आधी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, जा. पुष्कळ असेंबल्ड पीसींमध्ये ही सोय असते पण बंद ठेवलेली असते. इंटेलच्या बोर्डवर ती पीटीटी नावाने सापडते, एएमडीवर एफटीपीएम नावाने. चालू केली की मशीन पात्र ठरू शकतं.

तिसरी, क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर. याबद्दल आपल्याकडे फार सैल बोललं जातं, म्हणून स्पष्ट लिहितो. लायसन्स नसताना सॉफ्टवेअर चालू करणारा ॲक्टिवेटर चालवण्याआधी तो अँटिव्हायरस बंद करायला सांगतो. अनोळखी माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम, अँटिव्हायरस बंद करून, ॲडमिनच्या हक्काने आपण स्वतःच्या हाताने चालवतो. मग बाकी सुरक्षेवर खर्च करण्यात काही अर्थ उरत नाही. अशा मशीनांची यादी साहेबांच्या टेबलावर ठेवा, पर्यायांसकट. ड्रॉइंग फक्त उघडून बघणाऱ्याला कॅडचं पूर्ण लायसन्स लागत नाही, मोफत व्ह्यूअर पुरतो. यादी अशी गाळून नेली की खर्च आवाक्यात दिसतो आणि होकारही लवकर मिळतो.

दुसरी पायरी: मशीन कंपनीच्या खात्यात आणा

यासाठी दोन रस्ते आहेत. जागेवर सर्व्हर असेल तर ॲक्टिव्ह डिरेक्टरीचं डोमेन आणि ग्रुप पॉलिसी. सर्व्हर नसेल, माणसं फिरतीवर असतील, तर मायक्रोसॉफ्टचं एन्ट्रा आयडी (इंटरनेटवरची खाती) आणि इन्ट्यून (इंटरनेटवरून मशिनांना नियम लावणारी सोय). तीनशेपर्यंत माणसं असलेल्या कंपनीला मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या बिझनेस प्रीमियम योजनेत इन्ट्यून आणि डिफेंडर हा मायक्रोसॉफ्टचा अँटिव्हायरस, दोन्ही येतं. ईमेलसाठी पैसे भरतच असाल तर आधी या योजनेचा हिशोब मांडून बघा, वेगळा अँटिव्हायरस विकत घेण्याआधी.

कोणताही रस्ता घ्या, नियम एकच: लॅपटॉपचा खोका कर्मचाऱ्याच्या हातात थेट द्यायचा नाही. तो घरी जातो, खोका उघडतो, विंडोज ईमेल विचारतं, तो स्वतःचा जीमेल किंवा आउटलुकचा पत्ता टाकतो. दोन मिनिटांत मशीन त्याचं झालं.

यात काय बिघडतं हे मी जवळून पाहिलं आहे. डिझाइनमधल्या एका इंजिनिअरचा लॅपटॉप असाच घरी सुरू झाला होता. तो नोकरी सोडून गेला, लॅपटॉप दुसऱ्याला मिळाला. वर्षभराने मदरबोर्ड गेला, वॉरंटीत बदलून आला. दुसऱ्या दिवशी सकाळी चालू केला तर निळा पडदा: रिकव्हरी की टाका. अठ्ठेचाळीस अंक, सहा-सहाचे आठ गट. डिस्क एनक्रिप्ट झालेली आहे, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही, हेच कुणाला माहीत नव्हतं. नव्या विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टच्या वैयक्तिक खात्याने पहिलं लॉगिन झालं की अनेक लॅपटॉपवर डिस्क आपोआप एनक्रिप्ट होते आणि किल्ली त्या वैयक्तिक खात्यात जाऊन बसते. बोर्ड बदलला म्हणजे टीपीएम बदललं, म्हणून विंडोजने किल्ली मागितली. त्यात विंडोजचं काही चुकलं नाही. आमच्या एका ग्राहकाची तीन महिन्यांची ड्रॉइंग्ज त्या डिस्कवर होती आणि किल्ली नोकरी सोडलेल्या मुलाच्या खात्यात. मुलगा भला, त्याने फोन उचलला. नव्या कंपनीच्या जिन्यात उभं राहून त्याने सहा-सहा अंक वाचून दाखवले आणि मी टाइप करत गेलो. पाचव्या गटात एक आकडा चुकला, परत पहिल्यापासून. त्याने फोन उचलला नसता तर ती ड्रॉइंग्ज गेलीच होती.

म्हणून एनक्रिप्शन प्रत्येक लॅपटॉपवर हवंच. एसटीत किंवा लोकलमध्ये विसरलेल्या लॅपटॉपमधला डेटा वाचवणारा दुसरा उपाय नाही. पण किल्ली एन्ट्रामध्ये किंवा ॲक्टिव्ह डिरेक्टरीमध्ये, कंपनीच्या ताब्यात. पॉलिसीत अशी सोय आहे की किल्ली तिथे जमा झाल्याशिवाय बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क एनक्रिप्शन, सुरूच होणार नाही. ती चालू करा. मग यादीतली पाच मशिनं उचला आणि पडताळून पाहा: रिकव्हरीच्या पडद्यावर दिसणाऱ्या की आयडीची पहिली आठ अक्षरं तुमच्याकडच्या नोंदीशी जुळतात का? किल्लीची फाइल त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर ठेवलेलीही मी पाहिली आहे. कुलूप लावून किल्ली आत टाकली आणि दार ओढून घेतलं, असाच तो प्रकार.

मॅकबुक असतील तर तीच काळजी फाइलव्हॉल्ट या मॅकच्या डिस्क एनक्रिप्शनची, आणि शिवाय वैयक्तिक ॲपल खात्याची. त्या खात्याशी बांधलेलं मशीन माणूस गेल्यावर नुसता डबा होऊन बसतं. ॲपल बिझनेस मॅनेजरमधून घेतलेल्या मशीनला हा त्रास होत नाही.

तिसरी पायरी: ॲडमिनचे हक्क काढून घ्या

या पायरीला सगळ्यात जास्त विरोध होतो आणि सगळ्यात जास्त फायदाही हिचाच होतो. रोजच्या वापराचं खातं साधं, म्हणजे स्टँडर्ड युजर. सॉफ्टवेअर टाकायचं असेल तर आयटीला फोन.

"मग आमचं सॉफ्टवेअर चालणार नाही" असं लगेच ऐकू येईल, आणि कधी कधी ते खरंही असतं. जुनं बारकोड लेबलचं सॉफ्टवेअर, एखादा जुना पेरोल प्रोग्रॅम, यांना आपल्याच इन्स्टॉलेशन फोल्डरमध्ये फाइल लिहायची सवय असते. विंडोज साध्या युजरला तिथे लिहू देत नाही, आणि सॉफ्टवेअर पुरवणारा मोकळेपणाने सांगतो, "साहेब, ॲडमिन देऊन टाका." देऊ नका. साध्या खात्याने प्रोग्रॅम चालवा, कोणत्या फोल्डरपाशी अडतो ते पाहा, आणि फक्त त्या एका फोल्डरवर 'मॉडिफाय'ची परवानगी द्या. अर्ध्या तासाचं काम आहे. दहांतले आठ प्रोग्रॅम माझ्याकडे असेच चालायला लागले. एका खिडकीसाठी अख्ख्या घराच्या किल्ल्या देण्याचं कारण नव्हतं.

आता प्रत्येक मशीनवरच्या लोकल ॲडमिनचा पासवर्ड. आधीच्या माणसाने बहुतेक तो सगळीकडे एकच ठेवलेला असतो, कंपनीचं नाव आणि पुढे १२३. हे किती महागात पडतं याचं उदाहरण न्हावा शेव्यापर्यंत येऊन गेलं आहे. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या हा व्हायरस सुटला. जहाजवाहतुकीतली मर्स्क ही कंपनी त्यात सापडली आणि न्हावा शेव्याच्या जेएनपीटी बंदरातल्या त्यांच्या टर्मिनलचं कामही ठप्प झालं. नंतर मर्स्कच्या अध्यक्षांनी दावोसमध्ये सांगितलं की दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी नव्याने उभे करावे लागले. नॉटपेट्या विंडोजमधल्या जुन्या भोकातून तर पसरलाच, पण एका मशीनच्या मेमरीतून पासवर्ड उचलून तोच पुढच्या मशीनवर लावतही गेला. त्यामुळे अपडेट केलेली मशिनंही पडली.

याला उपाय फुकट आहे. विंडोज लॅप्स ही सोय एप्रिल २०२३ च्या अपडेटपासून विंडोजमध्येच आली आहे. ती प्रत्येक मशीनच्या लोकल ॲडमिनला वेगळा, लांब पासवर्ड देते, ठरल्या दिवसांनी बदलते आणि डिरेक्टरीत ठेवते. लागला की तिथून बघायचा. वहीची गरज संपली.

आणि हे सगळं स्वतःलाही लावा. तुमची दोन खाती हवीत: मेल आणि रोजच्या कामाचं साधं, आणि ॲडमिनच्या कामाचं वेगळं. डोमेन ॲडमिनच्या खात्याने मेल उघडायचा नाही, कुणाच्या मशीनवर लॉगिन करून प्रिंटर दुरुस्त करायचा नाही. कंपनीतली सगळ्यात मोठी किल्ली तुमच्या खिशात आहे, ती टपरीवर टेबलावर ठेवू नका.

चौथी पायरी: अपडेट, पण टप्प्याटप्प्याने

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मायक्रोसॉफ्टचे अपडेट येतात. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा-साडेअकरा वाजलेले असतात, म्हणजे आपला बुधवार कामाचा. वॉनाक्राय १२ मे २०१७ ला पसरला. ज्या भोकातून तो शिरला त्याचा पॅच, म्हणजे ते बुजवणारं अपडेट, १४ मार्चलाच आलेला होता. जगभर ज्यांनी दोन महिन्यांत तो लावला नाही, तेच बहुतेक बुडाले.

मग आले की लगेच सगळीकडे लावावेत का? १९ जुलै २०२४ ची सकाळ आठवा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरची एक सदोष फाइल भारतीय वेळेनुसार सकाळी ९:३९ ला सुटली आणि १०:५७ ला मागे घेतली गेली. सव्वा तासाच्या आसपास. तेवढ्यात, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, ८५ लाख विंडोज मशिनं निळी पडली. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. दुरुस्तीसाठी मशीन सेफ मोडमध्ये नेऊन फाइल काढायची होती, आणि जिथे बिटलॉकर होतं तिथे आधी तेच अठ्ठेचाळीस अंक. ज्यांच्या किल्ल्या जागेवर होत्या ते संध्याकाळपर्यंत उभे राहिले.

तेव्हा तीन टप्पे करा. बुधवारी तुमचं स्वतःचं मशीन आणि प्रत्येक विभागातलं एक, अशी चार-पाच. त्यात एक अकाउंट्सचं हवंच, कारण प्रिंटर आणि डिजिटल सहीचे टोकन तिथे अडतात. पुढच्या सोमवारी निम्मी कंपनी. त्यानंतरच्या आठवड्यात उरलेले सगळे. एखाद्या भोकातून हल्ले सुरूच झाले असतील तर हे सगळं दोन दिवसांत आटपायचं.

कॅलेंडर लावताना अकाउंट्सच्या मॅडमशी बसा. जीएसटीआर-१ ची ११ तारीख आणि ३बी ची २० तारीख, या दोन दिवशी त्यांच्या मशीनला रीस्टार्ट करायला लावलंत तर तुमची सुरक्षा योजना तिथेच संपली. आणि दुसरा मंगळवार ८ ते १४ च्या मध्येच येतो, म्हणजे ११ तारीख कायम जवळपासच असते. विश्वासात घेऊन केलं तर हेच लोक पुढे फिशिंगचा मेल सगळ्यात आधी तुम्हाला दाखवतात.

एक बारीक गोष्ट, जी मलाही उशिरा कळली. "रोज बंद करून जातो की" असं म्हणणाऱ्याचं मशीन अपडेट का होत नाही? विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असतं, त्यामुळे शट डाउन केलं तरी आतला गाभा झोपवून ठेवला जातो आणि सकाळी तोच उठतो. खरा नवा प्रारंभ रीस्टार्टनेच होतो. पॉलिसीतून फास्ट स्टार्टअप बंद करा, किंवा अपडेटला मुदत घाला की अमुक दिवसांत रीस्टार्ट केलं नाही तर मशीन स्वतः करेल.

इंटरनेटची लाइन बारीक असेल तर 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' चालू करा. एका मशीनने उतरवलेलं अपडेट बाकीची त्याच्याकडून घेतात. आणि ब्राउझर, पीडीएफ वाचक, झिप उघडणारी सॉफ्टवेअर विसरू नका. विंडोज अद्ययावत आणि क्रोम दोन वर्षं जुनं, असं चित्र फार दिसतं.

शॉपफ्लोअरची म्हातारी मशिनं

लाखो रुपयांच्या सीएनसीला किंवा सीएमएमला (मापं तपासणाऱ्या मशीनला) जोडलेला पीसी विंडोज ७ वर असतो, कधी एक्सपीवर. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला, सातचा १४ जानेवारी २०२० ला. मशीन बनवणाऱ्याचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही, आणि पीसीसाठी मशीन बदला असं तुम्ही सांगू शकत नाही. सांगूही नका.

त्यांना वेगळं ठेवा. स्विचवर वेगळा व्हीलॅन (त्याच वायरिंगवर वेगळं पाडलेलं नेटवर्क), इंटरनेट बंद, ऑफिसच्या नेटवर्कमधून फक्त प्रोग्रॅम ज्या फोल्डरमधून येतो तेवढी एक वाट. पेन ड्राइव्हने प्रोग्रॅम नेत असतील तर ठरावीक रंगाचे दोन-तीन पेन ड्राइव्ह ठेवा, सुपरवायझरच्या टेबलाजवळच्या एका अद्ययावत पीसीवर आधी तपासून मगच आत. घरचा पेन ड्राइव्ह आत जाणार नाही. या पीसींच्या डिस्कची पूर्ण इमेज काढून कपाटात ठेवा. तशी डिस्क, तसा ड्रायव्हर पुन्हा बाजारात मिळेलच असं नाही.

बाहेरची दारं

हे थोडक्यात, कारण करायला अवघड नाही. राउटरवरची पोर्ट फॉरवर्डिंगची, म्हणजे बाहेरून आत यायच्या वाटांची, यादी उघडा. ३३८९, म्हणजे रिमोट डेस्कटॉप, बाहेर उघडं दिसलं तर आज बंद करा, उद्या नाही. घरून टॅली बघायचं असेल तर व्हीपीएन या कुलूपबंद वाटेतून. एएमसीवाल्यांनी (वार्षिक देखभालीचं कंत्राट असलेल्यांनी) रिमोट सपोर्टची ॲप टाकून कायमचा पासवर्ड ठेवलेला असतो, ती काढा. लागेल तेव्हा समोर माणूस बसलेला असताना जोडायचं. ईमेलला दुहेरी पडताळणी सगळ्यांना, सुरुवात शेठजींपासून, कारण 'पेमेंट तातडीने करा' असा मेल त्यांच्याच नावाने येतो. आणि डिजिटल सहीचं टोकन काम झालं की मशीनमधून काढून कपाटात. अनेक ठिकाणी ते वर्षभर मागच्या यूएसबीला लटकत असतं.

पाचवी पायरी: बॅकअप, जो परत येतो

एका कारखान्यात टॅलीचा बॅकअप रोज न चुकता होत होता. एक्स्टर्नल हार्ड डिस्क, रोज रात्री आठला कॉपी. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं रॅन्समवेअर आलं तेव्हा टॅलीच्या फोल्डरबरोबर ती डिस्कही कुलूपबंद झाली, कारण ती कायम त्याच मशीनला जोडलेली होती. सोमवारी सकाळी अकाउंटंट काका त्या फाइलींच्या बदललेल्या नावांकडे बघत बसले होते. ते दृश्य पुन्हा बघायची माझी इच्छा नाही. मार्चपर्यंतच्या नोंदी सीएच्या ऑफिसातल्या प्रतीतून मिळाल्या. पुढच्या चार महिन्यांचं प्रत्येक बिल हाताने पुन्हा चढवावं लागलं.

नियम जुना आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक जागेबाहेर. त्यात एक भर घाला: एक प्रत अशी हवी की नेटवर्कवरून कोणीही, तुमच्या ॲडमिन खात्यानेसुद्धा, पुसू शकणार नाही. नास, म्हणजे नेटवर्कवरची साठवणपेटी, घेतला असेल तर त्याचं लॉगिन डोमेनपासून वेगळं ठेवा आणि स्नॅपशॉट, म्हणजे ठरावीक वेळच्या स्थितीच्या जपलेल्या प्रती, चालू करा. बॅकअप नासने मशीनकडून ओढून घ्यावा, मशीनने नासवर ढकलू नये. ढकलायला हक्क लागतात, आणि तेच हक्क व्हायरस वापरतो. वनड्राइव्हला बॅकअप समजू नका, ती जुळवणी आहे. इथे बिघडलं की तिथेही बिघडतं. कंपनीच्या खात्यात मागच्या ३० दिवसांपर्यंत परत जाता येतं, तेवढाच आधार.

आणि तीन महिन्यांतून एकदा परत आणून दाखवा. शनिवारी दुपारी रिकाम्या पीसीवर टॅलीचा बॅकअप उतरवा, अकाउंटंटना शेजारी बसवा, बँकेची शिल्लक आणि शेवटच्या व्हाउचरचा नंबर जुळवा. किती वेळ लागला तो आकडा लिहून ठेवा. "किती वेळात परत सुरू होऊ?" असं शेठ विचारतील तेव्हा तोच आकडा सांगता येतो.

सहावी पायरी: जाणारा माणूस, जाणारं मशीन

एचआरला एक विनंती लेखी करा: राजीनामा मंजूर झाला की त्याच दिवशी आयटीला कळवा. शेवटच्या दिवशी संध्याकाळी खातं बंद, फोनवरची चालू लॉगिन रद्द, फाइली वरिष्ठाकडे, लॅपटॉप आणि चार्जर ताब्यात, यादीत नोंद. लॅपटॉप पुढच्या माणसाला देण्याआधी पूर्ण पुसून नव्याने लावा. "तसाच द्या, चालतोय की" यातूनच वरची अठ्ठेचाळीस अंकांची गोष्ट घडली.

जुनं मशीन भंगारवाल्याला जायच्या आधी डिस्कचा विचार करा. नुसता क्विक फॉर्मॅट मारल्याने डेटा जात नाही. लॅमिंग्टन रोडवर सेकंडहँड डिस्क घेणाऱ्याला तो सहज परत काढता येतो. एनक्रिप्ट केलेली डिस्क पुसली आणि किल्लीची नोंद नष्ट केली तर काम झालं. बंद पडलेली डिस्क काढून ड्रिल मशीनखाली धरा, वर्कशॉप हाताशीच आहे. एसएसडी असेल तर तिच्या प्रत्येक चिपमधून भोक जायला हवं. उरलेला सांगाडा नोंदणीकृत ई-कचरा पुनर्वापर करणाऱ्याकडे, पावती घेऊन. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत.

आणि तरीही काही घडलंच तर

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते, आणि लॉग, म्हणजे मशिनांनी आपोआप केलेल्या नोंदी, १८० दिवस जपावे लागतात. हे कंपन्यांनाही लागू आहे. विंडोजचा सुरक्षा लॉग मूळ मापाने फक्त २० एमबीचा असतो, कामाच्या मशीनवर तो काही दिवसांत भरून जुन्या नोंदी पुसू लागतो. म्हणून लॉग एका जागी गोळा करण्याची सोय आधीच हवी. घड्याळंही एकाच वेळेवर हवीत; डोमेन कंट्रोलरला (डोमेन सांभाळणाऱ्या सर्व्हरला) एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जोडलं की बाकीची मशिनं त्याच्याकडून वेळ घेतात.

सहा तास फार थोडे असतात, त्या वेळी डोकं चालत नाही. म्हणून एक कागद टाइप करून ठेवा. त्यावर: नेटवर्कची वायर काढा, वायफाय बंद करा. मशीन बंद करू नका, फॉर्मॅट मारू नका. पडद्याचा मोबाइलवर फोटो काढा, वेळ लिहा. मग कोणाला फोन करायचा ते क्रमाने: तुम्ही, प्लँट हेड, इंटरनेटवाला, सर्ट-इन, आणि पैसे गेले असतील तर बँक आणि १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. कागद कॉम्प्युटरमध्ये ठेवू नका, त्या दिवशी कॉम्प्युटर उघडणार नाही. एक प्रत सर्व्हरच्या रॅकच्या दाराला आतून चिकटवा, एक सिक्युरिटीच्या केबिनमध्ये द्या, कारण रात्री दोनला आवारात जागा असलेला माणूस तोच असतो. त्याला एकदा बोलावून कोणती वायर ओढायची ती हात लावून दाखवा.